कुणाकडेही जाणारं मूल

संस्थेतून दोन-अडीच वर्षांचं मूल दत्तक येतं. घरात सोहळा होतो, नातेवाईक जमतात. मूल ज्याच्या-त्याच्या कडेवर जातं, पहिल्यांदाच दिसलेल्या काकांच्या मांडीवर बसून पेढा खातं, रडत नाही की आईला शोधत नाही. ‘किती गुणी आहे, जरासुद्धा नवखेपणा नाही,’ असं सगळे म्हणतात. काही महिन्यांनी हेच मूल बागेत परक्या बाईचा हात धरून चालू लागतं, किंवा गुडघा फुटून रक्त आलं तरी आईकडे न येता कोपऱ्यात गप्प उभं राहतं. मग त्याच तोंडून दुसरं वाक्य निघतं: ‘कुणाचं रक्त आहे, कोण जाणे.’ आधीचं कौतुक चुकीचं होतं आणि नंतरचा संशयही चुकीचाच आहे. अशा मुलाचा त्रास त्याच्या रक्तातून आलेला नसतो आणि दत्तक गेल्यामुळेही झालेला नसतो. ज्याच्याकडे रडत जावं असं ठरलेलं माणूस त्याला आयुष्याच्या सुरुवातीला मिळालेलं नसतं. विकाराचं मूळ या अभावात आहे. उपचार कोणता, अपाय कोणता आणि वेळ किती लागणार, याची उत्तरंही तिथूनच शोधावी लागतात.

तान्हं बाळ भुकेनं, भीतीनं, दुखण्यानं रडतं आणि कुणीतरी येऊन त्याला उचलतं. दिवसातून कितीतरी वेळा, महिनोन् महिने हे घडलं की सात-आठ महिन्यांच्या सुमाराला बाळ माणसं निवडू लागतं: आजीकडे जाईल, शेजारच्या काकूंकडे जाणार नाही. परक्याला पाहून त्याचं रडणं हे त्याची वाढ नीट चालल्याचं लक्षण आहे. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी 1951 साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी युद्धोत्तर युरोपातल्या बेघर मुलांवर अहवाल लिहिला. अन्न आणि निवारा मिळूनही कायमच्या मायेच्या माणसावाचून मुलांचं मन खुरटतं, हे त्यांनी त्यात मांडलं. पुढे याच विचाराला ‘अटॅचमेंट’चा सिद्धान्त म्हणून ओळखलं जाऊ लागलं. हा बंध मुळातच जुळला नाही, तर दोन प्रकारचे विकार दिसतात. एकात मूल मिटून घेतं. दुखलं-खुपलं तरी ते आधार मागत नाही, दिला तरी शांत होत नाही आणि क्वचितच हसतं. याला रिॲक्टिव्ह अटॅचमेंट डिसऑर्डर म्हणतात. दुसऱ्यात मूल कुणाशीही पहिल्या भेटीत लगट करतं, परक्यासोबत निघून जायला तयार होतं आणि जाताना वळून आपल्या माणसाकडे पाहतही नाही. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं 2013 च्या वर्गीकरणात हे दोन स्वतंत्र विकार मानले. दोन्हींच्या निदानासाठी एक अट मात्र सारखीच आहे: मुलाच्या पूर्वायुष्यात संगोपनाची गंभीर हेळसांड झालेली असली पाहिजे. त्या इतिहासावाचून हे निदान करताच येत नाही.

रक्ताच्या शंकेला उत्तर रुमानियात मिळालं, तेही फार मोठी किंमत मोजून. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याच्या राजवटीनं 1966 साली गर्भपातावर कडक बंदी घातली. सांभाळण्याची ऐपत नसलेल्या घरांतली मुलं हजारोंनी सरकारी अनाथालयांत गेली, आणि 1989 मध्ये ती राजवट कोसळली तेव्हा जगाला ती मुलं दिसली: रांगेनं मांडलेल्या पाळण्यांत पडलेली, रडणंसुद्धा सोडून दिलेली. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी संशोधकांनी पुढे बुखारेस्टमधल्या अनाथालयांतली सहा ते एकतीस महिन्यांची 136 मुलं निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीनं निम्मी मुलं खास तयार केलेल्या पालक-कुटुंबांत गेली, तर निम्मी नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. दोन्ही गटांतली मुलं सारख्याच पार्श्वभूमीची होती, फरक होता तो रात्री रडल्यावर कोण येतं एवढाच. साडेतीन वर्षांच्या वयात पाहिलं तेव्हा कुटुंबांत गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांचा बंध सुरक्षित होता. संस्थेत राहिलेल्यांमध्ये हे प्रमाण पाचांत एकापेक्षाही कमी होतं. मिटून घेण्याची लक्षणं कुटुंबात गेल्यावर झपाट्यानं ओसरली. परक्यांशी लगट करण्याची सवय मात्र चिवट निघाली, ती बऱ्याच मुलांत सावकाश आणि अर्धवटच कमी झाली. दोष रक्तात असता, तर घर बदलल्यानं तो उतरला नसता. खरं तर महाराष्ट्राला हे सांगायची गरज पडू नये. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1874 साली एका विधवेचं बाळ दत्तक घेतलं. ते यशवंतराव डॉक्टर झाले आणि 1897 च्या प्लेगच्या साथीत सावित्रीबाईंसोबत त्यांनी रुग्णसेवा केली. तरीही ‘रक्त’ हा शब्द आपल्या बोलण्यातून गेलेला नाही, याची खंत वाटते.

यावर समजूतदार माणसं दुसरं टोक गाठतात: मग मूल घ्यावं तर तान्हंच घ्यावं, मोठं मूल म्हणजे जोखीम. यात थोडं तथ्य आहे. दत्तक मुलांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र विचार केला, तर पहिल्या वर्षाच्या आत घरी आलेल्या मुलांचा बंध इतर मुलांइतकाच सुरक्षित आढळतो, उशिरा आलेल्यांचा सरासरीनं कमी. पण सरासरीवरून मुलाचं भविष्य सांगता येत नाही. मनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये दत्तक आलेल्या 165 रुमानियन मुलांचा ती तरुण होईपर्यंत पाठपुरावा केला. सहा महिन्यांच्या आत अनाथालयातून सुटलेली मुलं इंग्लंडमध्येच जन्मून दत्तक गेलेल्या मुलांच्या बरोबरीची निघाली. त्याहून जास्त काळ राहिलेल्यांपैकी अनेकांचे त्रास मोठेपणीही टिकले, हे दडवण्यात अर्थ नाही. तरीही त्यांच्यातल्या सुमारे पाचव्या हिश्शाला कोणत्याही टप्प्यावर गंभीर अडचण आली नाही, आणि बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडलेली मुलं तरुणपणापर्यंत बरीच सावरली. ही आकडेवारी त्या काळातल्या सर्वांत वाईट अनाथालयांची आहे, हेही विसरू नये. आपल्याकडच्या चांगल्या संस्थांतल्या ताई आणि मावशी मुलांना जीव लावतात. तिथे अडचण असते ती पाळ्यांची, आणि एका मावशीच्या वाट्याला येणाऱ्या मुलांच्या संख्येची. त्यामुळे रुमानियाचे आकडे उचलून इथल्या मुलावर चिकटवणं अन्यायाचं ठरेल. अत्यंत हेळसांड झालेल्या मुलांमध्येही मिटून घेण्याचा विकार दहा टक्क्यांपेक्षा कमी मुलांत आढळतो. म्हणजे बहुतेक दत्तक मुलांना तो नसतो.

तरीही हे निदान हल्ली फार सहज केलं जातं. खोटं बोलणं, चोरून खाणं, वस्तू फोडणं, आईशी उद्धटपणा अशी लक्षणांची यादी कुठेतरी वाचायची आणि आपल्या मुलाला ‘तेच’ झालंय असं ठरवायचं. यातलं एकही लक्षण त्या विकाराच्या अधिकृत निकषांत नाही. चोरून खाणाऱ्या मुलानं कदाचित आधी पुरेसं न मिळण्याचे दिवस काढलेले असतात. हाक मारल्यावर न पाहणाऱ्या मुलाला ऐकू कमी येत असेल, स्वमग्नता असेल किंवा त्याची भाषाच वेगळी असेल. आणि चार-पाच वर्षांचं मूल नव्या घरात महिनाभर रुसून, चिडून, रात्री दचकून उठत असेल, तर संस्थेतली त्याची मावशी आणि दोस्त सुटल्याचं ते दुःख असू शकतं. असं दुःख होणं ही तर आशेची गोष्ट आहे, कारण त्याला माणसं जोडता येतात हे त्यातून दिसतं. म्हणून कान, डोळे, पोषण आणि विकास यांची तपासणी आधी व्हावी. निदान बालमनोविकारतज्ज्ञानंच करावं, तेही मूल पालकांसोबत कसं वागतं हे स्वतः पाहून.

आता सर्वांत प्रेमळ आणि म्हणूनच खोडायला सर्वांत अवघड गैरसमज: माया दिली की सगळं ठीक होतं. माया लागतेच, पण ज्या मुलाला आधार मागण्याची सवयच लागलेली नाही, ते माया घेत नाही. ते तोंड फिरवतं, अंग आखडतं, ढकलून देतं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मेरी डोझियर यांनी पालक-कुटुंबांत आलेल्या तान्ह्या मुलांचं निरीक्षण केलं. मूल झिडकारतं तेव्हा सांभाळणाऱ्या बाईही नकळत मागे सरतात, ‘याला माझी गरज नाही’ असं धरून चालतात, आणि मुलाचा जुना अनुभव खरा ठरतो, असं त्यांना दिसलं. त्यांनी तयार केलेल्या दहा घरभेटींच्या कार्यक्रमात पालकांना मुख्यतः हे शिकवतात: मुलानं मागितला नाही तरी आधार द्यायचा. पडल्यावर ते रडलं नाही तरी जवळ जाऊन ‘लागलं ना?’ म्हणायचं, खेळात त्याच्या मागून जायचं आणि त्याला घाबरवायचं नाही. या पद्धतीचा उपयोग होतो हे चाचण्यांतून दिसलं आहे. घरच्या भाषेत सांगायचं तर भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं आणि दुखलं-खुपलं पाहणं ही कामं सुरुवातीचे काही महिने ठरावीक एक-दोन माणसांनीच करावीत, रोज त्याच वेळी आणि त्याच क्रमानं. पाहुण्यांचा सोहळा लांबणीवर टाकावा. शाळा, पाळणाघर आणि प्रवास यांचीही घाई करू नये. मूल परक्याच्या मांडीवर जाऊन बसलं तर पाहुण्यांनीच त्याला हसून आईकडे पाठवावं: ‘खाऊ आईकडून घे हं.’

इथे आजी-आजोबा दुखावतात, आणि त्यांचा आक्षेप रास्त आहे. आपल्याकडे मुलं दहा हातांवर वाढतात, त्यांना तर काही झालं नाही! बरोबर आहे. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी 1950 च्या दशकात युगांडातल्या खेड्यांत केलेल्या निरीक्षणातही बाळांना आईखेरीज इतरांचा लळा लागलेला दिसला. एकाहून अधिक माणसांशी बंध जुळणं निरोगीच आहे. पण घरातले दहा हात रोज तेच असतात, आणि त्यांतला आपला हुकमी हात कोणता हे बाळाला ठाऊक असतं. दत्तक आलेल्या मुलानं आजवर पाळीपाळीनं बदलणारे हात पाहिलेले असतात. हे दहा हातही तसेच बदलतील, असंच ते धरून चालणार. आधी त्याला एक माणूस ओळखू द्यावा. त्या एका माणसाच्या ओळखीनं ते आजीपर्यंत नक्की पोचतं. आजीचा हक्क यात बुडत नाही, फक्त थोडा उशिरा येतो. हे थांबणं हीसुद्धा तिनं दिलेली मायाच आहे.

शिस्तीचा प्रश्न याच धाग्यातला आहे. ‘दोन रट्टे दिले की सरळ होईल’ हे ज्या मुलाच्या बाबतीत सर्वांत घातक ठरेल, असं मूल हेच. ज्याच्याकडे आधारासाठी जायचं, त्याचीच भीती वाटू लागली तर जाणार कुठे? ‘परत पाठवून देईन’ ही धमकी तर चेष्टेतही देऊ नये. मग लाड होणार नाहीत का? नियम असलेच पाहिजेत, आणि ते रोज तेच असावेत, कारण अशा मुलाला अंदाज बांधता येणारं जग हवं असतं. मारायचं नाही म्हणजे नाही, पण हात धरून थांबवणारा मोठा माणूस नंतरही तिथेच बसून राहिला पाहिजे. खोलीत कोंडणं, अबोला धरणं, उपाशी ठेवणं या शिक्षांतून मूल जुनाच धडा पुन्हा शिकतं. याहून भयंकर प्रकार उपचाराच्या नावाखाली झाले. बंध जुळावा म्हणून मुलाला जबरदस्तीनं दाबून धरण्याचे, ‘पुनर्जन्म’ घडवण्याचे प्रयोग अमेरिकेत चालत. 2000 साली कोलोरॅडो राज्यात अशाच एका प्रयोगात चादरींत गुंडाळलेली दहा वर्षांची दत्तक मुलगी गुदमरून मेली. पुढल्याच वर्षी त्या राज्यानं हा प्रकार कायद्यानं बंद केला, आणि तिथल्या तज्ज्ञांच्या संघटनांनी जबरदस्तीच्या अशा सर्व पद्धती नाकारल्या. मुलाचा प्रतिकार मोडून बंध जोडून देतो असं कुणी सांगितलं, तर तिथून उठून यावं.

वेळेबद्दलचा गैरसमज आपल्या कायद्यातही शिरला होता. 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन दत्तक मातेला बारा आठवड्यांची रजा मिळाली, पण बाळ तीन महिन्यांपेक्षा लहान असेल तरच. आईवडिलांनी सोपवलेल्या बाळाच्या बाबतीत त्यांना निर्णय बदलण्यासाठी साठ दिवस द्यावे लागतात, आणि सापडलेल्या बाळाच्या पालकांचा शोध घेण्यात दोन-दोन महिने जातात. म्हणजे बाळ दत्तकासाठी मोकळं होईपर्यंतच ही मर्यादा संपत येई. ज्या दोन-चार वर्षांच्या मुलाला पालकांच्या सोबतीची सर्वाधिक गरज, त्याच्या आईला या तरतुदीत जागाच ठेवली नाही. मूल मोठं म्हणजे काळजी कमी, या समजुतीवर ती बेतलेली होती, आणि पुरावा नेमका उलट सांगतो. मूल घरी आल्यावर संस्थेनं दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा करायचा असा दत्तक नियम आहे, तो चांगला आहे. पण अनेक त्रास शाळेत गेल्यावर किंवा वयात येताना वर येतात, आणि तेव्हा विचारायला कुणी येत नाही.

अशा घरात आई बहुधा एकटी पडते. मूल बाहेर गोड वागतं आणि सगळा राग तिच्यावर काढतं, म्हणून ‘तुझंच काहीतरी चुकत असेल’ हे तिलाच ऐकावं लागतं. नातेवाइकांनो, तिला सल्ले देऊ नका. स्वयंपाक, बाजारहाट, घरातली कामं उचला आणि मुलाजवळ तिला बसू द्या. पालकांनो, मूल घेताना त्याला किती ठिकाणी ठेवलं गेलं, कोण सांभाळत होतं, काय खात होतं आणि कुणाचा लळा होता, हे संस्थेला बारकाईनं विचारा आणि लिहून ठेवा. वर्ष उलटूनही मूल दुखल्यावर कुणाकडेच जात नसेल, किंवा कुणाबरोबरही निघून जात असेल, तर ‘मोठं झालं की सुधारेल’ म्हणून थांबू नका. जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात बालमनोविकारतज्ज्ञाची चौकशी करा. आणि स्वतः खचला असाल, रात्री झोप लागत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक तुमच्यासाठीही आहे.