डुकराची समज

डुकराचें नांव निघतांच आमच्या पुष्कळ वाचकांच्या डोळ्यांपुढें एका रात्रींत उलथून टाकलेलें भुईमुगाचें शेत उभें राहील, व त्या जनावराच्या बुद्धीची स्तुति त्यांस मुळींच रुचणार नाहीं. तथापि ज्यानें माळ्यावर बसून पिकाची राखण केली आहे, तो त्यास मूर्ख म्हणणार नाहीं. कुंपणाची कच्ची जागा आमच्याआधीं त्यालाच सांपडते.

पाळीव डुक्कर त्याच जातीचें. केंब्रिज विद्यापीठाचे प्राध्यापक ब्रूम व त्यांचे सहकारी यांनीं त्याच्या समजेची एक परीक्षा केली. ती २००९ सालीं प्रसिद्ध झाली. डुकरांस पांच तास आरशाची ओळख होऊं दिली. मग खाण्याचें भांडें आडोशामागें अशा बेतानें ठेविलें कीं, तें केवळ आरशांत दिसावें. आठांपैकीं सात डुकरें आरशाकडे पाठ फिरवून, आडोशास वळसा घालून भांड्यापाशीं गेलीं. सरासरीनें २३ सेकंद लागले. ज्यांनीं पूर्वीं आरसा पाहिला नव्हता, तीं आरशाच्या मागें शोधूं लागलीं.

इतकी समज असलेलें जनावर कोंडून ठेविलें तर काय होतें, हा वराहपालन करणाराचा खरा प्रश्न आहे. गाभण डुकरीण विण्याच्या आदल्या दिवशीं कळपापासून दूर जाते, नाकाडानें खळगा उकरते, तोंडांत गवत व काटक्या आणून त्यांत रचते. एडिंबरो येथें स्टोल्बा व वुड-गश यांनीं मोकळ्यावर सोडलेल्या पाळीव डुकरिणींनींहि, पिढ्यान्‌पिढ्या बंदिस्त राहूनही, हेंच केलें. परंतु कारखानदारी पद्धतींत तिला वळतांहि येऊं नये अशा दोनेक फूट रुंदीच्या लोखंडी पिंजऱ्यांत ठेवितात. वेळ आली कीं ती उघडी फरशी उकरते, गज चावते. यास आम्ही दुःखच म्हणतों. गाभणपणींचे असले पिंजरे ब्रिटननें १९९९ पासून बंद केले. युरोपीय संघानें २०१३ पासून, तेहि पहिले चार आठवडे वगळून. विण्याच्या वेळचे पिंजरे दोन्हीकडे अजून चालूच आहेत.

हा धंदा करूं पाहणारानें पिंजऱ्याची किंमत विचारण्यापूर्वीं पेंढ्याचा हिशेब करावा. उद्योगावांचून राहिलेलीं डुकरें एकमेकांच्या शेपट्या चावतात, जखमा चिघळतात, व खर्च मालकाच्या माथीं येतो. उकरावयास व चघळावयास पेंढा असला म्हणजे हा प्रकार पुष्कळ कमी होतो. विणाऱ्या डुकरिणीस तो आदल्या दिवशींच, सुका व भरपूर, घालावा.