कंपनी वेगळी, औषध तेच?

‘फिटची गोळी संपलीय. टिटवाळ्यातला मेडिकलवाला म्हणतो, त्या कंपनीची नाही, ही घ्या, औषध तेच. घ्यावी का?’ असं एका वाचकाने विचारलंय. उत्तरासाठी आधी ब्रिस्बेनला जाऊ.

१९६८-६९मध्ये त्या ऑस्ट्रेलियन शहरात अपस्माराचे बरेच रुग्ण एकाएकी झोकांड्या खाऊ लागले, कुणाला एकाचे दोन दिसू लागले. कॅप्सूल नेहमीचीच, फेनिटॉइनची. बदललं होतं ते फक्त तिच्यातलं भरण. आधी कॅल्शियम सल्फेट घालत (पीओपीच्या गणपतीत असतं तेच!), आता लॅक्टोज. कॅल्शियम सल्फेट थोडं औषध रक्तात जाऊच देत नव्हतं. लॅक्टोजने वाट मोकळी केली.

एवढ्यानं विषबाधा? हीच तर फेनिटॉइनची खोड. ते मोडणारं यकृतातलं एन्झाइम म्हणजे एखाद्या छोट्या स्टेशनची एकुलती तिकीट खिडकी. मिनिटाला जेवढी तिकिटं फाटतात तेवढीच माणसं आली, तर सगळं सुरळीत. त्याहून चारदोन जास्त येत राहिली की रांग थेट रस्त्यावर. डोस जरासा वाढला, तरी रक्तातली पातळी भलतीच चढते. म्हणून फिट आटोक्यात असेल तर कंपनी बदलू नये. नाहीच मिळाली तर दुसरी घ्यावी, डॉक्टरांना कळवावं. पण गोळी बुडवू नये.

टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या की आणखी मजा. त्यांतलं आयसोनियाझिड ही खिडकी अर्धी बंद करतं आणि रिफॅम्पिसिन जादा खिडक्या उघडतं! शेवटी काय झालं, ते रक्त तपासूनच कळतं.

फेनिटॉइन आणि फिटचंच दुसरं औषध कार्बामाझेपिन स्वतःही इतर औषधांचा निचरा वाढवतात. त्यामुळे ‘माला-डी’ नेमाने घेऊनही दिवस राहू शकतात. व्हाल्प्रोएट असं करत नाही, पण गर्भाला या सगळ्यांत जास्त धोका त्याचाच. लॅमोट्रिजिनचं उलटंच: तिथे संततिनियमनाची गोळीच फिटच्या औषधाची पातळी उतरवते.

मग तरुण मुलींना बऱ्याचदा लेव्हेटिरासिटाम दिलं जातं. ते मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडतं, यकृताच्या भानगडीत फारसं पडत नाही. ‘साइड इफेक्टच नाहीत’ ही त्याची ख्याती मात्र मला पटत नाही. काहींना त्याने कमालीची चिडचिड होते, कुणाला उदास वाटतं. घरचे समजतात, पोरीचा स्वभावच बिघडला. डोस कमी केला किंवा औषध बदललं की बहुधा फरक पडतो. पण चिडचिड गोळीमुळे होऊ शकते हे आधी कुणी सांगितलं असेल, तरच ती तक्रार डॉक्टरांपर्यंत पोहोचते.