गच्चीवरचं वावर (भाग ६) : एक मांडव, दोन पांघरुणं

मागच्या आठवड्यात पिशव्या भरून झाल्या. आता त्यांत काय पेरायचं यापेक्षा कधी पेरायचं, हा प्रश्न मोठा आहे. फेब्रुवारीत पुण्यात शिवाजीनगरच्या वेधशाळेत दुपारचं तापमान सरासरी ३२ अंशांच्या आसपास असतं आणि पहाटेचं १२च्या. एका दिवसात वीस अंशांची चढउतार. दुपारी पंखा आणि पहाटे गोधडी असं करून आपण हे निभावतो. भोपळ्याच्या बियांना ते जमत नाही. दुधी, काकडी, दोडका, कारलं, भेंडी या सगळ्यांना रुजायला माती किमान अठरा-वीस अंशांची तरी हवी. पंचवीस-तीस असेल तर उत्तमच. गार, ओल्या मातीत बी नुसतं पडून राहतं, मग कुजतं, आणि आपण बियाण्याच्या दुकानदाराला नावं ठेवतो.

अशा वेळी घरातलं कुणीतरी परदेशातले व्हिडिओ बघून हरितगृह घ्यायचं सुचवतं. चेन लावायचं प्लॅस्टिक, चार कप्प्यांचं रॅक, ऑनलाइन मिळतं. वस्तू वाईट नाही. मात्र ती जिथे बर्फ वितळायची वाट बघतात तिथली आहे, आणि आपल्या गच्चीवर तिचा उपयोग वर्षातले फार थोडे दिवस होतो. तेही फक्त रात्री.

हरितगृह तापतं कसं, ते एकदा समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. काच ऊन आत येऊ देते आणि उष्णतेचे किरण बाहेर जाऊ देत नाही, असं शाळेत शिकलेलं असतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. १९०९ साली रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने दोन खोकी घेतली. एकावर काच लावली, दुसऱ्यावर खनिज मिठाची पारदर्शक पाटी. मीठ उष्णतेचे किरण अडवत नाही, त्यामुळे ते खोकं थंड राहायला हवं होतं. दोन्ही जवळपास सारखीच तापली. थोडक्यात, आत तापलेली हवा वर निघून जाऊ शकत नाही, हेच मुख्य कारण. काचा बंद करून उन्हात उभी केलेली गाडी तापते ती याच कारणाने. म्हणून हरितगृहात खरी किंमत प्लॅस्टिकला नसून वरच्या झडपेला आहे. ऑनलाइनच्या रॅकला नेमकी तीच नसते.

मावळात तळेगाव, वडगावच्या बाजूला गेलात तर पॉलिहाउसं दिसतील. दोनशे मायक्रॉनची फिल्म, माथ्यावर वारा जायला फट, आत फॉगर, दुपारी ओढायची सावलीची जाळी. तिथले गुलाब व्हॅलेंटाइन डेच्या आधी परदेशी रवाना होतात. रंगीत ढोबळी मिरचीही पिकते. एवढा खर्च करून ती मंडळी उबेपेक्षा जास्त पावसाचा मारा, कीड आणि दुपारचं ऊन यांच्यापासून पीक वाचवत असतात. शेकडो किलो माल विकायचा असेल तर ते परवडतं. घरच्या चार काकड्यांसाठी बांबू पुरेत.

तर बांबूचा किंवा पीव्हीसी पाइपचा मांडव करा. माणूस ताठ उभा राहील इतका उंच, चारी बाजूंनी मोकळा. पाया मात्र नीट हवा. पाइप वाळूने भरलेल्या डब्यांत रोवा आणि कठड्याला बांधा, नाहीतर एप्रिलमधल्या एखाद्या वळवाच्या वाऱ्यात मांडव शेजारच्या सोसायटीत जाईल. या मांडवाला दोन पांघरुणं लागतात. पहिलं पारदर्शक प्लॅस्टिकचं. रोपांचे ट्रे खाली ठेवायचे, संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत प्लॅस्टिक चारी बाजूंनी सोडायचं आणि सकाळी नऊच्या सुमारास गुंडाळून टाकायचं. दिवसभर तापलेली गच्चीची फरशी रात्री ऊब सोडते, ती आत कोंडून राहते. दिवसा झाकून ठेवलंत तर रोपं शिजतील.

दुसरं पांघरूण शेडनेटचं. ते कधी चढवायचं? महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते, आणि होळी जळाली की थंडी पळाली, असं आपल्याकडे म्हणतात. अंदाज म्हणून हे चांगलं आहे, तारीख म्हणून नाही. २०२४ साली महाशिवरात्र ८ मार्चला होती, २०२६ साली १५ फेब्रुवारीला; झाडं काही पंचांग बघत नाहीत. मार्चमध्ये शिवाजीनगरचं कमाल तापमान सरासरी पस्तिशीच्या पुढे जातं आणि दुपारची हवा कमालीची कोरडी होते. पानं दुपारी बाराच्या आत माना टाकायला लागली की नेट चढवायचं, मग होळी झालेली असो वा नसो. शिवाय पुणं म्हणजे एक गाव नाही. पाषाण, एनडीएच्या बाजूला पहाटेचा पारा मगरपट्टा, वडगाव शेरीपेक्षा बराच खाली असतो. हडपसरकरांनी जानेवारीअखेर काकडी पेरली तर चालेल, पाषाणकरांनी आठ-दहा दिवस थांबावं किंवा प्लॅस्टिकवर भरवसा ठेवावा.

नेट घेताना दुकानदार पंच्याहत्तर टक्क्यांचं पुढे करेल. सावली दाट, गाडी लावायला उत्तम, भाजीला नको. भेंडी, टोमॅटो, मिरची, वेल यांना पस्तीस टक्के पुरे. पालेभाज्यांना पन्नास. नेट डोक्यावर आणि पश्चिमेच्या बाजूला लावा, पूर्व मोकळी ठेवा, कारण सकाळचं ऊन झाडाला हवंच असतं. काळ्या पिशव्यांची पश्चिमेकडची बाजू गोणपाटाने झाका. पानांपेक्षा मुळं आधी भाजतात आणि ते वरून दिसत नाही. झाड नुसतं खुरटल्यासारखं वाटतं, मग आपण खत घालतो, आणि भाजलेल्या मुळांना खताने आणखी त्रास होतो.

आच्छादनाची सोय या दिवसांत शहर स्वतःच करतं. युरोपात पानगळ हिवाळ्याच्या तोंडावर होते, आपल्याकडे पिंपळ, कडुनिंब, पर्जन्यवृक्ष याच सुमारास पानं टाकतात. सोसायटीचा झाडणारा ती पोत्यात भरतो, कुठे कुठे चोरून पेटवूनही देतो. त्याच्याकडून दोन पोती मागून घ्या. ‘ब्राऊन लीफ’ या पुण्यातल्या उपक्रमाने तर पानं असलेल्यांची आणि पानं हवी असलेल्यांची गाठ घालून द्यायला सुरुवात केली, ती मला या शहरात सुचलेल्या सर्वांत शहाण्या गोष्टींपैकी एक वाटते. पिशवीत मातीवर चार बोटं जाड थर द्या. कोपऱ्यावरच्या रसवंतीचं उसाचं चिपाडही चालतं, फक्त ते आधी चांगलं वाळवा, नाहीतर मुंग्यांना आमंत्रण.

आता बियाणं. काकडीत ‘पूना खिरा’ लावून पाहा. आपल्या शहराचं नाव असलेली ही जुनी जात अमेरिकेतल्या हौशी बागाईतदारांच्या बियाणं कॅटलॉगमध्ये याच नावाने सापडते, आणि इथल्या गच्चीवर मात्र कुणाला ठाऊक नसते. फळ पिकत आलं की साल बटाट्यासारखी तपकिरी होते. ते बघून अनेकजण रोग समजून फेकतात. पांढरट कोवळी काकडीच आवडत असेल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘हिमांगी’ आहे. भेंडीत ‘परभणी क्रांती’. उन्हाळ्यात पांढरी माशी वाढते आणि भेंडीच्या शिरा पिवळ्या पाडणारा विषाणू पसरवते, त्याला तोंड देण्यासाठीच परभणीच्या विद्यापीठाने ती काढली. गवार, चवळी, लाल माठ, अंबाडी बेधडक पेरा. मेथी आणि पालक आता शेवटचे. मार्चमध्ये पेरलेत तर पानाआधी दांडा येईल. कोथिंबीर फुलावर आली तर उपटू नका. तिच्या बारीक पांढऱ्या फुलांवर मधमाश्या येतात आणि आपल्याला त्या पुढे लागणार आहेत.

टोमॅटोचं वेगळं. डिसेंबरात लावलेली रोपं आता फुलावर असतील आणि त्यांच्या हातात फारसे दिवस नाहीत. रात्र बावीस अंशांच्या वर आणि दुपार पस्तिशीच्या पुढे सरकली की परागकण निकामी होऊ लागतात, फुलं येतात आणि देठापासून गळतात. त्याला औषध नाही. फांदीला सकाळी दहाच्या सुमारास हलकी टिचकी मारत राहा, जेवढी फळं धरतील तेवढी मार्चपर्यंत पदरात पाडून घ्या, आणि मे महिन्यात तीच झाडं जगवायच्या भानगडीत पडू नका.

वेलांवर आधी नुसती नरफुलं येतात. त्यात काही बिघडलेलं नसतं. मादीफुलं मागून येतात, आणि फुलामागे इवलंसं फळ दिसतं ती मादी. उंच इमारतीच्या गच्चीवर मधमाशी येईलच असं नाही, तेव्हा परागीभवन हातानेच करायचं. काकडी, कारलं, घोसाळं, लाल भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात; दहाच्या आत उरकायचं. दुधी आणि दोडका मात्र संध्याकाळी उमलतात. दुधीचं पांढरं फूल रात्रीच्या पतंगांसाठी असतं, म्हणून सकाळी ब्रश घेऊन दुधीपाशी गेलात तर कोमेजलेली फुलं दिसतील. दिवेलागणीला ताजं नरफूल तोडा, त्याच्या पाकळ्या मागे मुडपा आणि मधला दांडा मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवा. एक नर दोन-तीन माद्यांना पुरतो. तीन-चार दिवसांत फळ फुगायला लागलं तर जमलं. पिवळं पडून गळलं तर दुसऱ्या फुलावर पुन्हा करा.

पुढच्या आठवड्यात : पाणी. एका पिशवीला किती, कधी, आणि पाणीकपात जाहीर झाली की काय.