जर्मन घरातले लॅटिन शब्द

जर्मनमध्ये खिडकीला ‘फेन्स्टर’, दगडी भिंतीला ‘माउअर’, तळघराला ‘केलर’ आणि कौलाला ‘त्सीगेल’ म्हणतात. चारही शब्द मूळचे लॅटिन. जर्मानिक टोळ्या लाकूड-मातीची घरे बांधत. ऱ्हाइन आणि डॅन्यूबकाठच्या रोमनांकडून दगडी बांधकाम आले, तसे त्यातले शब्दही आले. घरातल्या साध्या भिंतीचे ‘वांड’ हे नाव मात्र अस्सल जर्मानिक. त्याचे नाते ‘विंडेन’ म्हणजे गुंफणे या क्रियापदाशी आहे, कारण जुनी भिंत डहाळ्या विणून, वर माती लिंपून उभारत. आपल्याकडचा कूडच म्हणायचा.

उसना शब्द केव्हा आला, हे बरेचदा उच्चारच सांगतो. साधारण ६व्या ते ८व्या शतकांत दक्षिणेकडच्या बोलींत ‘त’चा ‘त्स’ किंवा ‘स’ झाला. आधीच रुळलेल्या ‘तेगुला’चा त्यामुळे ‘त्सीगेल’ झाला, ‘स्त्राता’चा ‘श्ट्रासे’, म्हणजे रस्ता. ‘तेम्प्लुम’ हा देवळाचा शब्द मागाहून आला, म्हणून ‘टेम्पेल’मधला पहिला वर्ण वाचला.

बटाट्याचा ‘कार्टोफेल’ बराच नंतरचा. इटालियन ‘तार्तूफोलो’ म्हणजे जमिनीखाली वाढणारी ट्रफल ही बुरशी. बटाटाही मातीतूनच निघतो. जर्मनमध्ये आधी ‘टार्टुफेल’ रुळले, मग लागोपाठचे दोन ‘ट’ नकोसे होऊन पहिल्याचा ‘क’ झाला. ऑस्ट्रियात ‘एर्डआप्फेल’, म्हणजे भुईतले सफरचंद, हेही नाव चालते.