नव्या मांजराची रात्र

नांदेड-लातूरकडील घरात नव्याने आणलेले मांजर दिवसभर कणगीआड झोपून पहाटे चार वाजता भांडी पाडू लागते, तेव्हा त्यामागे खोडसाळपणा नसून देहस्वभाव असतो. मांजर हा संधिप्रकाशचर, म्हणजे तिन्हीसांजेला आणि पहाटे सर्वाधिक चपळ असणारा प्राणी आहे. त्याच्या दृष्टिपटलामागील परावर्तक थर प्रकाश पुन्हा दृष्टिपेशींकडे पाठवतो, म्हणूनच मिणमिणत्या उजेडातही त्याला उंदीर दिसतो. त्यात मराठवाड्याचा 40 अंशांपुढे जाणारा उन्हाळा असला, की दुपार झोपेत आणि गारव्याची रात्र धावपळीत जाणे ओघानेच आले.

ओरडणाऱ्या मांजराला गप्प करण्यासाठी उठून दूध देणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय, कारण ओरडले की खायला मिळते हे ते चटकन शिकते. पुढे दुर्लक्ष केल्यास ओरडणे थांबण्यापूर्वी काही रात्री उलट वाढते, आणि नेमके तेव्हाच कोणी कळवळून उठले तर ती सवय अधिकच घट्ट होते. शिवाय पुष्कळ प्रौढ मांजरांना दुधातील शर्करा पचत नाही. त्याऐवजी निजण्यापूर्वी सुतळीला चिंधी बांधून ती जमिनीवरून सरपटत न्यावी, मांजराला दबा धरू द्यावा, झडप घालू द्यावी आणि लगेच जेवण द्यावे. शिकार, भोजन, अंग चाटणे आणि झोप हा त्याचा नैसर्गिक क्रम आहे. गिळलेली सुतळी आतड्यात अडकू शकत असल्याने खेळानंतर ती उचलून ठेवणे अत्यावश्यक आहे.

मादी रात्रभर आर्त ओरडत असेल, तर ती माजावर आलेली असण्याची शक्यता असते. तेव्हा निर्बीजीकरणाविषयी, म्हणजे प्रजनन थांबवणाऱ्या शस्त्रक्रियेविषयी, पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.