यादीतलं पहिलं नाव

भरवेली हे मध्य प्रदेशातल्या बालाघाटजवळचं मँगनीजच्या खाणीचं गाव. खाण मॉइलची, मुख्यालय नागपुरात. घरातल्या माणसाची दारू हाताबाहेर गेली की इथली मराठी कुटुंबं पूर्वी ओळखीच्या डॉक्टरला नाहीतर नागपूरच्या नातलगाला विचारायची. पुण्याचं ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र 1986 मध्ये सुरू झालं, तेव्हा गूगल जन्मायला बारा वर्षं होती. त्याचं नाव पसरलं ते बरे झालेल्या माणसांमुळे आणि सहसंस्थापक अनिल अवचटांच्या लेखनामुळे.

1998 मध्ये गूगल आलं. एखाद्या पानाकडे किती आणि कोणत्या पानांनी बोट दाखवलंय, यावर त्याचा क्रम ठरे. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला आणि नातलगाला विचारायचा प्रश्न लोक मोबाइलला विचारू लागले. आज ‘नशा मुक्ति केंद्र बालाघाट’ टाकलं की वर ‘प्रायोजित’ लिहिलेल्या ओळी येऊ शकतात. ती पैसे देऊन घेतलेली जागा. खाली नकाशा, त्यावर तीन नावं आणि तारे. नकाशातला क्रम शोधाशी जुळणी, अंतर आणि प्रसिद्धी यांवर ठरतो. केंद्रात मानसोपचारतज्ज्ञ येतो का, दार बाहेरून कुलूपबंद असतं का, हे त्यातून कळत नाही. ताऱ्यांवरही माझा भरवसा नाही. शेरा बहुधा नातलग लिहितात, तोही घरी नेताना. व्यसन परततं ते अनेकदा काही महिन्यांनी, आणि आत राहिलेला माणूस सहसा काहीच लिहीत नाही.

अमेरिकेत अशा शोधांचा धंदाच झाला. दलाल जाहिराती घेत आणि रुग्णाचा फोन केंद्रांना विकत. सप्टेंबर 2017 मध्ये गूगलने तिथल्या अशा जाहिराती रोखल्या. 2018 मध्ये त्रयस्थ संस्थेच्या तपासणीची अट घालून पुन्हा सुरू केल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शोधक्रमात झालेल्या मोठ्या बदलाने आरोग्यविषयक अनेक संकेतस्थळं खाली घसरली. जाणकारी आणि विश्वासार्हता यांना वजन द्यायचं, असं गूगल ठासून सांगतं. तरी हे वजन मजकुराचं. केंद्राच्या खोल्या कुणी पाहून येत नाही.

आपल्याकडे मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. दारू-अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रासही त्यात येतात. अशा आजारांवर उपचार करणाऱ्या संस्थेला राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी सक्तीची आहे, आणि रुग्णाला साखळीने बांधायला मनाई.

म्हणून पहिल्या नावाला फोन लावाल तेव्हा खर्चाआधी नोंदणी क्रमांक मागा, डॉक्टर कोण ते विचारा, जागा डोळ्यांनी पाहा. त्याहीआधी 14416 हा टेली-मानसचा किंवा 14446 हा व्यसनमुक्तीचा क्रमांक लावा. दोन्ही सरकारी आहेत, मोफत आहेत.