दारावरची पाटी आणि आतली कडी

हल्ली आपल्या घरांत मिक्सर-कुकरच्या जोडीने कॉम्प्युटरही नांदू लागला आहे, आणि एक आला की दुसरा यायला वेळ लागत नाही. ह्यांचा ऑफिसचा लॅपटॉप, मुलांच्या अभ्यासाचा दुसरा, आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेला जुना, ज्यात सगळ्या लग्नामुंजींचे फोटो! मग एखादी फाइल इकडून तिकडे न्यायची तर पेनड्राइव्ह शोधा; तो सापडेना म्हणून स्वतःलाच ईमेल धाडा. वास्तविक हे तिन्ही कॉम्प्युटर एकाच वाय-फायवर असतात, म्हणजे एकाच वाड्यात बिऱ्हाड करून असतात म्हणा ना. एकाच्या खोलीतलं दुसऱ्याला मिळावं अशी सोय त्यांच्यात असतेच.

ही सोय चालते कशी ते आधी पाहू. फाइल एक्सप्लोरर उघडून डाव्या बाजूच्या 'नेटवर्क'वर टिचकी मारली, की आपला कॉम्प्युटर वाड्यात हाक देतो, "अहो, कोण कोण आहे?" जे ऐकत असतात ते आपापलं नाव सांगतात आणि पडद्यावर त्यांच्या पाट्या दिसू लागतात. ह्या हाका देण्याघेण्याला 'नेटवर्क डिस्कव्हरी' म्हणतात. वाय-फाय जोडताना ते 'पब्लिक' की 'प्रायव्हेट' असं विचारलं जातं, त्याचा अर्थ हाच. 'पब्लिक' म्हटलंत की कॉम्प्युटर तोंड मिटून बसतो; 'प्रायव्हेट' म्हटलंत, म्हणजे ही घरची माणसं आहेत असं सांगितलंत, की ओ देतो.

पूर्वीची तऱ्हा याहून मजेची होती. विंडोज ९५च्या काळात ह्या जागेचं नावच 'नेटवर्क नेबरहूड' होतं. तेव्हा प्रत्येकाने हाका मारायच्या नसत. सगळे कॉम्प्युटर मिळून चक्क निवडणूक घेत आणि निवडून आलेला एक जण साऱ्यांची यादी सांभाळी. चाळीतल्या सेक्रेटरीसारखाच! आणि सेक्रेटरीच्या वहीसारखीच ती यादीही शिळी असे. एखादा कॉम्प्युटर बंद केला तरी अर्धा-पाऊण तास त्याचं नाव तसंच लटकत राही. ऑक्टोबर २०१७मध्ये आलेल्या विंडोज १०च्या आवृत्तीपासून ही जुनी पद्धत नव्याने विंडोज टाकताना आपोआप बसवली जात नाही. म्हणून तुमचा तो कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर नव्या लॅपटॉपला दिसत नाही. बिघाड नाही हो, दोघांची भाषा बदलली आहे, इतकंच. जुनी पद्धत मुद्दाम चालू करता येते, पण ती करू नये. का, ते पुढे सांगते.

पाटी दिसणं आणि दार उघडणं ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बायकाच काय, कॉम्प्युटर कोळून प्यालेले पुरुषही इथे गल्लत करतात. विंडोजमध्ये ह्यांची बटणंही दोन आहेत. एक डिस्कव्हरीचं, दुसरं 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग'चं. पहिलं बंद केलं तर पाटी उतरते. दार जसंच्या तसं!

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. तिथे वार्षिक परीक्षेचे पेपर ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ठेवले होते. शिक्षकांना स्टाफरूममधून टाइप करता यावं म्हणून कुणीतरी तो फोल्डर 'एव्हरीवन', म्हणजे सर्वांना, खुला केला आणि पासवर्डाची कटकट नको म्हणून तीही अट काढून टाकली. मुलांची कॉम्प्युटर लॅब त्याच नेटवर्कवर आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. नववीतल्या एका मुलाला तो फोल्डर दिसला. पोरगा प्रामाणिक, त्याने येऊन सांगितलं. लगेच डिस्कव्हरी बंद झाली, यादीतून नाव गेलं, सगळ्यांनी हुश्श केलं. तेवढ्यात त्याच मुलाने वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा मारून ऑफिसच्या कॉम्प्युटरचं नाव टाइप केलं, आणि फोल्डर पुन्हा समोर हजर! शनिवार-रविवार घालवून सगळे पेपर नव्याने काढावे लागले. त्या मुलाला शाबासकी मिळायला हवी होती असं माझं स्पष्ट मत आहे; ती मिळाली नाही.

ही झाली शाळेची गोष्ट. आमच्या माहुलहून खाडी ओलांडली की पलीकडे न्हावाशेवा, तिथे हेच केवढ्या प्रमाणावर घडलं पाहा. २७ जून २०१७ला 'नॉटपेट्या' नावाचा घातकी प्रोग्राम जगभर पसरला. सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून झाली, पण एकदा एखाद्या कंपनीत शिरला की तो आतल्या नेटवर्कवर शेजारी शोधत सुटे. विंडोजच्या त्या जुन्या शेअरिंग पद्धतीतल्या खिंडाराचा त्याने फायदा घेतला. शिवाय चोरलेले पासवर्ड वापरून, देखभालीसाठी ठेवलेल्या, यादीत कधीच न दिसणाऱ्या छुप्या शेअर फोल्डरांतूनही तो घुसला. मेर्स्क ह्या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर कोसळले आणि न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. ते खिंडार बुजवण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला दिलेली होती. म्हणून म्हणते, 'अपडेट' आलं की 'नंतर बघू' म्हणू नये, आणि जुनी पद्धत परत चालू करण्याच्या फंदात पडू नये.

आता घरात काय करायचं? सगळा ड्राइव्ह कधीच खुला करू नका. 'सामायिक' नावाचा एकच फोल्डर करा, त्यात देण्याजोगं तेवढंच ठेवा. त्यावर उजवी टिचकी, 'प्रॉपर्टीज', 'शेअरिंग', मग 'शेअर'. तिथे 'एव्हरीवन' न निवडता ज्याला द्यायचं त्याचंच नाव घाला, आणि नुसतं पाहायचं असेल तर 'रीड'; 'रीड/राइट' दिलंत तर तो पुसूही शकतो. पासवर्डाची अट राहू द्या. आमच्या इमारतीत खर्च निम्मा म्हणून दोन घरांत एक वाय-फाय घेणारी बिऱ्हाडं आहेत. अशांच्या बाबतीत शेजारची मुलंही तुमच्या वाड्यातलीच झाली, हे विसरू नये. बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं 'गेस्ट' वाय-फाय करता येतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना तेच द्यावं.

आपण काय काय खुलं करून ठेवलं आहे ते पाहायचं असेल तर वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि 'लोकलहोस्ट' असं इंग्रजीत लिहून एंटर मारा. नावं दिसतील. अनोळखी नाव दिसलं तर त्या फोल्डरच्या 'शेअरिंग'मध्ये जाऊन ते बंद करा.

आणि फोटोंच्या बाबतीत एक. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून शेअर फोल्डरातली फाइल पुसली, तर ती सहसा 'रिसायकल बिन'मध्ये जात नाही, कायमची जाते. मुलीच्या बारशाचे फोटो 'सामायिक'मध्ये ठेवण्यापूर्वी त्यांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून कपाटात ठेवा.